फोन वाढले, फोनवाले घटले!

कोरमंगलाच्या कुठल्याही ब्लॉकमध्ये शिरा आणि जरा मान वर करून बघा. झाडांच्या फांद्यांतून, विजेच्या खांबांवरून काळ्या केबलींची भेंडोळी लोंबताना दिसतील. महापालिका अधूनमधून मोहीम काढून ती कापते, चार दिवसांत नवी लागतात. बेंगळुरूच्या या वस्तीत नळाला पाणी नाही आलं तर टँकर बोलावता येतो, पण इंटरनेट बंद पडलं तर घराघरात हाहाकार! तक्रार गेली की काही वेळानं मोटरसायकलवरून एक पोरगा येतो. अंगात कंपनीच्या नावाचा टी-शर्ट, खांद्यावर वायरचं वेटोळं. तो खांबावर चढतो, तुटलेला काचेचा तंतू जोडतो, उतरतो आणि पुढच्या तक्रारीकडे पळतो. हा मुलगा त्या कंपनीत नोकरीला आहे असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा तसं नसतं. टी-शर्ट कंपनीचा, पगार ठेकेदाराचा.

टेलिफोन कंपन्यांकडे माणसं किती आणि त्यांची कमाई किती, याचे आकडे दरवर्षी वर्तमानपत्रांत येतात. ते वाचताना या खांबावरच्या मुलाची आठवण ठेवलेली बरी. कारण तो त्या आकड्यांत नसतो.

आज पन्नाशी-साठीत असलेल्या वाचकांना टेलिफोन खात्यातली नोकरी म्हणजे काय होतं हे सांगायला नको. घरात एक जण 'टेलिफोन्स'मध्ये लागला की स्थळं चालून येत! १९९०च्या दशकाच्या मध्यावर देशात सगळे मिळून फोन होते एक कोटीच्या आसपास आणि दूरसंचार खात्यात माणसं होती चार लाखांवर. म्हणजे साधारण पंचवीस फोनमागे एक माणूस. एका मोठ्या वाड्याला एक सरकारी माणूस, असाच हिशेब म्हणा ना! आणि तरीही फोनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची. आज देशात एकशेवीस कोटींच्या घरात फोन आहेत. माणसं त्या प्रमाणात वाढली असती, तर पाच कोटींच्या आसपास लोक टेलिफोन खात्यातच कामाला असते आणि उरलेल्यांनी फक्त फोन उचलायचा!

मग ही माणसं गेली कुठे? त्याचं उत्तर शोधायला कोरमंगलातून निघून शहराच्या पूर्वेला, जुन्या मद्रास रस्त्यावर जावं लागेल. तिथल्या वसाहतीचं नावच दूरवाणीनगर. दूरवाणी हा टेलिफोनसाठीचा कन्नड शब्द. १९४८ साली इथं इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज, म्हणजे आयटीआय, उभी राहिली. स्वतंत्र भारतातला हा पहिला सरकारी उद्योग मानला जातो. काळा, जाड, तबकडीचा टेलिफोन आठवतो? तो बहुधा इथलाच.

सुरुवातीला इथं लिव्हरपूलच्या एका कंपनीच्या मदतीनं स्ट्रोजर पद्धतीची एक्स्चेंजं बनायची. ही पद्धत मोठी गमतीची होती. तुम्ही तबकडी फिरवलीत की तिकडे एक्स्चेंजमध्ये एक लोखंडी दांडा खरोखरच टकटक करत तेवढ्या पायऱ्या चढायचा आणि मग आडवा वळून पुढचा संपर्क शोधायचा. असे हजारो दांडे एकेका हॉलमध्ये. ते बनवायला हात लागत, जुळवायला हात लागत आणि एक्स्चेंजमध्ये बसवल्यावर त्यांना तेल घालायला, झिजलेले संपर्क पुसायला, अडकलेला दांडा सोडवायला रात्रंदिवस माणसं लागत. साठच्या दशकात बेल्जियमहून क्रॉसबार आलं, हलणारे भाग कमी झाले. ऐंशीच्या दशकात फ्रेंच तंत्राची इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजं उत्तर प्रदेशात मनकापूरला बनू लागली. जिथं हॉलभर दांडे लागायचे तिथं आता काही कपाटं पुरू लागली.

आणि या गोष्टीत आपल्या सीमाभागाचाही एक वाटा आहे. १९८४ साली सॅम पित्रोदा यांच्या पुढाकारानं सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था निघाली. खेड्यांना परवडेल, वातानुकूलनाशिवाय चालेल, धूळ सोसेल असं छोटं एक्स्चेंज तिनं तयार केलं. एकशे अठ्ठावीस लाइनींचं. असं पहिलं ग्रामीण एक्स्चेंज १९८६ साली बसलं ते बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला, राणी चन्नम्मांच्या गावी! टेबलावर मावेल एवढ्या पेटीनं गावाला जगाशी जोडलं. गावात आनंदीआनंद झाला असणार, पण बेंगळुरूच्या कारखान्यात जुन्या यंत्रांवर बसलेल्या कामगारासाठी ती पेटी म्हणजे पुढच्या काळाची चाहूल होती.

भरात असताना आयटीआयच्या देशभरातल्या कारखान्यांत मिळून तीस हजारांच्या घरात माणसं होती. १९९१ नंतर परदेशी कंपन्यांना दारं उघडली, दूरसंचार खातं टेंडर काढून स्वस्तात स्वस्त माल घेऊ लागलं आणि आयटीआयचं हक्काचं गिऱ्हाईक गेलं. आज तिच्या पटावर दोन-अडीच हजार माणसं उरली असतील. गंमत पुढेच आहे. २०२४-२५ साली हिची उलाढाल साडेतीन हजार कोटींच्या वर गेली, आदल्या वर्षीच्या जवळजवळ तिप्पट. माणसं कमी, उलाढाल तिप्पट, मग फायदा? तो नाहीच. तोटा कमी झाला एवढंच.

हे थोडं थांबून बघायला हवं. 'माणसं कमी करा, कंपनी सुधारेल' हा मंत्र आपण तीस वर्षं ऐकत आलो. तो खरा की खोटा, याची सगळ्यात मोठी परीक्षा आपल्या डोळ्यांदेखत झाली ती बीएसएनएलमध्ये.

साडेतीन लाखांचं बिऱ्हाड

१ ऑक्टोबर २००० रोजी दूरसंचार खात्यातून बीएसएनएल ही कंपनी झाली. मुंबई आणि दिल्ली सोडून, कारण तिथं १९८६ पासून एमटीएनएल होती. खात्यातली साडेतीन लाखांहून जास्त माणसं नव्या कंपनीच्या पदरी आली. एवढं बिऱ्हाड घेऊन ही कंपनी बुडणार, असं त्या वेळी अनेकांनी भाकीत केलं.

बुडाली नाही! २००५-०६ साली बीएसएनएलचं उत्पन्न चाळीस हजार कोटींच्या वर गेलं आणि नफा झाला ८,९४० कोटी रुपयांचा. त्या वेळी कर्मचारी तीन लाखांहून जास्त होते. तेच 'अतिरिक्त' मनुष्यबळ, तीच सरकारी पद्धत आणि कपाळावर आठी न आणता नऊ हजार कोटींचा नफा.

आता २०१८-१९ कडे या. निवृत्त होणाऱ्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत, त्यामुळे कर्मचारी जवळजवळ निम्मे झाले होते. उत्पन्नही निम्मं झालं होतं, सुमारे एकोणीस हजार कोटी. आणि तोटा पंधरा हजार कोटींच्या उंबरठ्यावर! माणसं निम्मी केली तर तोटा कमी व्हायला हवा होता. तो आकाशाला भिडला.

मधल्या काळात काय झालं? २००६-०७च्या पुढे मोबाइलची खरी लाट आली तेव्हा नवी यंत्रसामग्री घेण्याची मोठमोठी टेंडरं वादात अडकली आणि रद्द झाली. २०१० साली थ्रीजी आणि ब्रॉडबँडच्या लहरींसाठी, म्हणजे स्पेक्ट्रमसाठी, कंपनीला साडेअठरा हजार कोटी रुपये मोजावे लागले. गंगाजळी आटली. खासगी कंपन्या फोरजी विकत होत्या तेव्हा बीएसएनएलकडे देशभर फोरजीच्या लहरीच नव्हत्या. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आली, तिनं बोलणं फुकट केलं आणि डेटा कवडीमोल. आता ज्या दुकानात मालच नाही तिथं विक्रेते दहा असले काय आणि पाच असले काय?

तरी २०१९ साली चर्चा झाली ती विक्रेत्यांचीच. संसदेत सरकारनं आकडे दिले: बीएसएनएलच्या उत्पन्नातले शंभरातले पंच्याहत्तर रुपये पगारात जातात, एमटीएनएलचे सत्त्याऐंशी. उलट एअरटेलचे तीन, जिओचे चारच्या आसपास, व्होडाफोन-आयडियाचे साडेपाच. आकडे खरे होते. ऐकणाऱ्याला वाटावं, या सरकारी मंडळींनी कंपनी खाऊन टाकली!

पण एअरटेलचे तीन रुपये तीनच का, हे कुणी फारसं विचारलं नाही. एअरटेलनं २००४ सालीच आपलं मोबाइलचं जाळं सांभाळण्याचं काम एरिक्सनसारख्या कंपन्यांना आणि संगणकाचं काम आयबीएमला देऊन टाकलं होतं. जगात त्या वेळी हा प्रकार नवा होता. काही कर्मचारीही कामाबरोबर नव्या मालकाकडे गेले. पुढे टॉवर वेगळ्या कंपनीकडे गेले, तक्रार ऐकणारी कॉल सेंटरं तिसऱ्याकडे, सिम विकणं कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे. काम कुणीतरी करतच होतं, पगारही कुणीतरी देतच होतं. फक्त तो खर्च 'पगार' या रकान्यातून उठून 'इतर सेवा' नावाच्या रकान्यात जाऊन बसला. आपल्या घरात धुणंभांडी करणाऱ्या मावशींचा पगार आपण घरखर्चात धरतो आणि कपडे लाँड्रीत टाकले की 'आमच्याकडे कामाला कुणी नाही' म्हणतो, तसंच काहीसं.

अर्थात, सरकारी टेलिफोनच्या काळातही सगळे पटावर होते असं नाही. पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ बूथ आठवा. ते चालवणारे लाखो लोक कमिशनवर जगत, खात्याच्या हजेरीपटावर त्यांचं नाव कधीच नव्हतं. मोबाइल आला आणि ते बूथ मुकाट्यानं बंद झाले. त्यांच्यासाठी ना स्वेच्छानिवृत्ती आली, ना कुणी भाषण केलं.

३१ जानेवारी २०२०

२३ ऑक्टोबर २०१९ रोजी केंद्र सरकारनं पुनरुज्जीवनाची योजना जाहीर केली. ४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर, एका महिन्यात निर्णय घ्यायचा. पन्नाशी ओलांडलेल्यांना स्वेच्छानिवृत्ती. झालेल्या नोकरीच्या प्रत्येक वर्षाला पस्तीस दिवसांचा पगार आणि राहिलेल्या प्रत्येक वर्षाला पंचवीस दिवसांचा, वर पेन्शन.

बीएसएनएलमधल्या पात्र लाखभर कर्मचाऱ्यांपैकी ७८,५६९ जणांनी अर्ज भरले, एमटीएनएलमधून १४,३७८ जणांनी. ३१ जानेवारी २०२० ला, एकाच संध्याकाळी, ब्याण्णव हजारांहून जास्त माणसं घरी गेली.

त्या महिन्यात देशभरातल्या कितीतरी स्वयंपाकघरांत कागदावर बेरजा झाल्या असतील. वय बावन्न, मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, घराचे हप्ते पाच वर्षं बाकी. घ्यावी की न घ्यावी? स्वेच्छा हा शब्द छान आहे. पण त्याच वर्षी फेब्रुवारीचा पगार वेळेवर झाला नव्हता, आयुष्यात पहिल्यांदा. कंत्राटी कामगारांचे तर महिनोन्महिने पैसे थकले होते. उद्या कंपनीच राहिली नाही तर, ही भीती एका पारड्यात असताना दुसऱ्या पारड्यात काहीही ठेवलं तरी ते हलकंच भरणार. मुंबईत एमटीएनएलवर एकेकाळी गिरगाव-दादरपासून डोंबिवलीपर्यंतची हजारो मराठी घरं चालली. या कंपनीत कधीकाळी दिल्ली-मुंबई मिळून पन्नास हजारांवर माणसं होती. निवृत्तीनंतर साडेचार हजारांच्या आत उरली. १ जानेवारी २०२५ पासून तिचं कामकाजही बीएसएनएलनंच हाती घेतलं.

सगळे गेले आणि आठ आठवड्यांत टाळेबंदी लागली. शाळा फोनवर, ऑफिस फोनवर, डॉक्टर फोनवर. देशाला लाइनमनची सगळ्यात जास्त गरज लागली, तेव्हा लाइनमन घरी बसून मटार सोलत होता.

मग निवृत्ती योजनेनं काहीच साधलं नाही का? तसं म्हणणं अन्यायाचं होईल. २०१९-२० मधला साडेपंधरा हजार कोटींचा तोटा पुढच्याच वर्षी निम्म्यावर आला. पगाराचं बिल निम्मं झाल्याचा परिणाम सरळ दिसला. पण तोटा तिथंच घोटाळत राहिला, दोन वर्षांनी तर पुन्हा आठ हजार कोटींवर गेला. तो खरा खाली आला सरकारनं २०१९, २०२२ आणि २०२३ अशा तीन हप्त्यांत मिळून सव्वातीन लाख कोटींच्या आसपास मदत दिल्यावर. लहरी मिळाल्या, कर्जाचा भार हलका झाला, टॉवर उभे राहिले. २०२४-२५च्या तिसऱ्या तिमाहीत बीएसएनएलला २६२ कोटींचा नफा झाला, २००७ नंतर पहिल्यांदाच. वर्षाचा तोटा २,२४७ कोटींवर उतरला. आणि घरोघर फायबर पोचवण्याचं काम? ते बीएसएनएलनंही गल्लोगल्लीच्या स्थानिक केबलवाल्यांना उत्पन्नातला वाटा देऊन सोपवलं. म्हणजे आता सरकारी फोन दुरुस्त करायला येणारा मुलगाही सरकारी असेलच असं नाही.

खासगी कंपन्यांत कमाई कशानं ठरली, तेही पाहण्यासारखं आहे. २०१६ आधी देशात डझनभर मोबाइल कंपन्या होत्या. जिओच्या धडाक्यानंतर दोन-तीन वर्षांत रिलायन्स कम्युनिकेशन्स बंद पडली, एअरसेलनं दिवाळं काढलं, टाटांचा आणि टेलिनॉरचा मोबाइल धंदा एअरटेलमध्ये गेला, व्होडाफोन आणि आयडिया ३१ ऑगस्ट २०१८ रोजी एक झाल्या. नोकऱ्या हजारोंनी गेल्या. २०१८च्या अखेरीस एअरटेलला एका गिऱ्हाइकाकडून महिन्याला सरासरी १०४ रुपये मिळत. मग स्पर्धक उरले तीन-चार आणि डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१, जुलै २०२४ असे दर वाढत गेले. २०२५ साली हाच आकडा अडीचशेच्या पुढे गेला. एअरटेलची २०२४-२५ची उलाढाल पावणेदोन लाख कोटींच्या जवळ पोचली. ही कमाई वाढली ती कर्मचारी घटवून किंवा वाढवून नव्हे. ती तुमच्या-आमच्या रिचार्जमधून वाढली.

जिओचा प्रकार थोडा वेगळा. तिच्या पटावर २०२३-२४च्या अखेरीस नव्वद हजारांच्या आसपास माणसं होती. हा आकडा लहान नाही, पण आदल्या वर्षी तो पंच्याण्णव हजारांवर होता आणि उत्पन्न मात्र चढत्या कमानीवर.

परदेशातही वारं हेच आहे. अमेरिकेची एटी अँड टी १ जानेवारी १९८४ ला सरकारनं तोडली, तेव्हा तिच्याकडे दहा लाखांच्या आसपास माणसं होती. तोडूनजोडून आज त्या नावाची जी कंपनी आहे तिच्याकडे २०२४च्या अखेरीस एक लाख एक्केचाळीस हजार. व्हेरायझननं नोव्हेंबर २०२५ मध्ये तेरा हजारांहून जास्त जणांना कमी करण्याचं जाहीर केलं. ब्रिटनच्या बीटीनं मे २०२३ मध्येच सांगून टाकलं, की ठेकेदारांची माणसं धरून एक लाख तीस हजारांचे आम्ही २०३० पर्यंत पंच्याहत्तर ते नव्वद हजारांवर येऊ आणि त्यातली दहा हजार कामं कृत्रिम बुद्धिमत्ता करील. बीटीचा प्रामाणिकपणा एवढाच, की तिनं ठेकेदारांची माणसंही मोजली!

फायबर टाकून झालं की ते टाकणारे नकोत, तांब्याची तार गेली की गंज काढणारे नकोत. हे तंत्रज्ञानाचं तर्कशास्त्र आहे आणि त्याच्याशी भांडण करण्यात अर्थ नाही. आपल्या दहावी-बारावीतल्या मुलांना मात्र एवढं सांगून ठेवायला हवं, की 'टेलिकॉम कंपनी जोरात आहे' आणि 'टेलिकॉममध्ये नोकऱ्या जोरात आहेत' ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

त्याचं ताजं उदाहरणही बेंगळुरूतलंच आहे. कोरमंगलात एकेकाळी इन्फोसिसचं मुख्यालय होतं. १९९४ साली ते जिथं हललं त्या इलेक्ट्रॉनिक सिटीत तेजस नेटवर्क्स नावाची कंपनी आहे. २००० साली सुरू झालेली, आता टाटांची. बीएसएनएलच्या स्वदेशी फोरजीसाठी टीसीएसकडून तिला ७,४९२ कोटींचं काम मिळालं. एका वर्षात तिची उलाढाल २,४७१ कोटींवरून ८,९२३ कोटींवर गेली. २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातल्या झारसुगुड्यात पंतप्रधानांच्या हस्ते या स्वदेशी फोरजीचं उद्घाटन झालं, साडेसत्त्याण्णव हजार टॉवर! या कंपनीत माणसं किती? दोन हजारांच्या थोडी वर. बहुतेक इंजिनिअर. दूरवाणीनगरच्या जुन्या कारखान्याच्या एखाद्या विभागात मावतील एवढी.

उद्घाटन होईपर्यंत माल पोचवून झाला होता. एप्रिल ते जून २०२४ या तिमाहीत तेजसची विक्री १,५६३ कोटींची होती. २०२५च्या त्याच तिमाहीत ती उतरली २०२ कोटींवर आणि १९४ कोटींचा तोटा झाला. कंपनीचे डोळे आता पुढच्या मोठ्या ऑर्डरीकडे लागले आहेत.